मावशींच्या पेशी

लग्नाच्या पंगतीत मला हमखास एक प्रश्न येतो, ‘मग, सापडलं का औषध?’ आमच्या जैन लग्नांत जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची असतात, त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तर ऐकायला सवड नसते. माझं ‘नाही अजून’ पुरं होईपर्यंत तो पुढच्या पानापाशी गेलेला असतो. पहिली काही वर्षं मी समजावून सांगायची, की औषध शोधणं हे माझं काम नाही. मग सोडून दिलं. आता ‘सापडलं की कळवते’ म्हणते आणि जिलेबी वाढून घेते.

मी बायोकेमिस्ट आहे. पेशी एकमेकींशी कशा बोलतात आणि कॅन्सरमध्ये ते बोलणं कुठं बिघडतं, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली, तीही कोल्हापुरातल्याच एका संस्थेत. सांगायचंच झालं तर गोष्ट अवघड नाही. आपल्या अंगातली पेशी मनाला येईल तेव्हा वाढत नाही. बाहेरून निरोप यावा लागतो. पेशीच्या अंगावर तो निरोप घेणारी प्रथिनं असतात, ती आतल्यांना सांगतात, आतली आणखी आत सांगतात, आणि मग पेशीची एकीची दोन होते. दाराची बेल दाबली की वाजते, सोडली की थांबते, तसं. कॅन्सरमध्ये बेलचं बटण आत अडकून बसतं. दारात कुणी नसताना बेल वाजत राहते आणि घरातली माणसं पाहुणे आले म्हणून चहा ठेवत राहतात. ते अडकलेलं बटण नेमकं कुठलं, एवढंच मी शोधत होते. तेही फक्त तोंडाच्या कॅन्सरमध्ये, आणि त्यातही दातांना भाजक्या तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायकांच्या. आमच्या भागात मिश्रीला तोटा नाही.

लग्न केलं नाही. लोक म्हणतात, राहून गेलं. राहून वगैरे काही गेलेलं नाही, मी केलं नाही. पण एकटं राहणं मी निवडलं होतं असंही नाही. ते हळूहळू होत गेलं. पेशींना दिवसाआड नवं अन्न घालावं लागतं. त्यांना दिवाळी नाही, पर्युषण नाही. हातकणंगल्याला आमचं घर आहे, थोरला भाऊ आणि वहिनी तिथं असतात, भावाचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. सणाला गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी भरलेली असायची. वहिनी म्हणायची, ‘सोडा हो हिला, हिच्या पेशी उपाशी हायत.’ सगळे हसायचे, मीही हसायची. पुढं पुढं कुणी ‘राहा’ म्हणेना. मला त्याचं वाईट वाटायचं, पण आग्रह करा असं आपणच कसं सांगणार?

शिवाय एक गोष्ट मला घरापासून थोडी लांब ठेवायची. पेशींचं अन्न म्हणजे एक गुलाबी पाणी असतं आणि त्यात वासराच्या रक्तातला द्रव घालावा लागतो. आमच्या घरात बटाटा शिजत नाही. मी आले की आधी अंघोळ करायची, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची. आईला वाटायचं, लेकीला दवाखान्याच्या वाऱ्याची शिसारी आहे. आई गेली तरी माझी ती सवय राहिली, आणि अंघोळ करून बाहेर येईपर्यंत बोलणं कुठल्या कुठं गेलेलं असायचं.

पेशी काही आकाशातून पडत नाहीत. त्या कुणाच्या तरी असतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा घ्यायचा, तो बारीक करून फ्लास्कमध्ये ठेवायचा, आणि वाट बघायची. बहुतेक तुकडे मरतात. माझेही किती मेले, सांगत नाही. मग एका वर्षी गडमुडशिंगीची एक बाई आली. साठीच्या पुढची, गालात गाठ, डाव्या हातानं गाल दाबून बोलत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परवानगी विचारायला मी तिच्या खाटेपाशी गेले. गावातच दिलेली लेक शेजारी बसलेली होती. मी ‘मावशी’ म्हणूनच सुरुवात केली.

‘काय करतासा त्याचं?’ तिनं विचारलं.

‘पेटीत ऊब देऊन, अन्न घालून वाढवायचा प्रयत्न करते.’

‘घ्या की मग. न्हायतर टाकूनच देणार हायती.’ मग म्हणाली, ‘जगंल व्हय ते?’

‘सांगता येत नाही. जगलं तर खूप जगतं.’

‘मी न्हाय जगलो तरी?’ आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आलो, गेलो, जगलो.

‘हो. तुमच्यानंतरही.’

ती अर्ध्या गालानं हसली. ‘म्हंजे सुनंची काय सुटका न्हाय,’ म्हणाली.

तो तुकडा जगला. तिसऱ्या आठवड्यात फ्लास्कच्या तळाशी पेशींचा एक छोटा पट्टा धरला, मग पसरत गेला. मी त्या दिवशी जागच्या जागी बसून घेतलं. मिश्री लावणाऱ्या इथल्या बाईच्या पेशी, आपल्या हातानं वाढवलेल्या, असं माझ्याकडे पहिल्यांदाच काही होतं. नियमाप्रमाणे फ्लास्कवर नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक लिहितात. मी क्रमांक लिहिला आणि मनात मावशीच म्हणत राहिले.

मावशी त्यानंतर वर्षभराच्या आतच गेल्या. गाठ मानेत उतरली होती.

काही दिवसांनी त्यांची लेक दवाखान्यात राहिलेले कागद न्यायला आली आणि मला शोधत प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. चाळिशीची असेल. ‘म्याडम, ते आईचं वाढवतो म्हणालता, ते हाय का अजून?’

दाखवायला नको होतं, नियमात बसत नाही. मी म्हटलं, ‘आहे. या.’

तिनं चप्पल बाहेर काढली. मी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि कसं बघायचं ते सांगितलं. तिनं बराच वेळ डोळा लावला.

‘कुटं हाय?’

‘फरशी बसवल्यासारखं दिसतंय ना, तेच.’

‘हालत न्हाय की.’

‘त्या तळाला चिकटून बसतात.’

‘आई बी तशीच,’ ती म्हणाली. ‘येकदा बसली की उठायची न्हाय.’

ती गेल्यावर मी भिंग पुसलं. ते ओलं झालेलं होतं.

त्यानंतर ती येऊ लागली. गावात डेअरीला सकाळचं दूध घातलं की वडाप धरायची, म्हणजे भरली की सुटणारी आमच्याकडची जीप, आणि शहरातली बाकीची कामं आटोपून माझ्याकडे यायची. वर्षातून चार-पाच वेळा तरी. यायची, बघायची, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावूनच आईला बातम्या सांगायची. म्हैस व्याली. भाऊ वेगळा निघाला. थोरल्या पोरीचं ठरलं. मी टेबलावर काहीतरी खुडबुडत असायची आणि सगळं ऐकायची. दुसऱ्या वर्षापासून ती मला म्याडमऐवजी अक्का म्हणायला लागली. आमच्या घरात मी शेंडेफळ. मला अक्का म्हणणारं जगात कुणी नव्हतं.

तिचं बघून मीही बोलायला लागले. सकाळी पेटीचं दार उघडताना, ‘काय मावशी, झोप झाली?’ आमचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर शिरोलीच्या फाउंड्र्यांना गॅस पुरवणाऱ्या टेम्पोतूनच येतो. आधी त्यांचा माल उतरतो, मग आमचा. उशीर झाला की मी मावशींना सांगायची, ‘आज जरा पुरवून वापरा.’ विद्यार्थी येत, दोन-चार वर्षं राहत, पुण्याला नाहीतर परदेशी जात. त्यांना वाटायचं, म्याडम फोनवर बोलतायत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

भाद्रपदात म्हाळाच्या दिवसांत ती डबा आणायची. घरी म्हाळ भाऊ घालायचा, पितरांची पानं तिथंच वाढली जायची. ‘पर तिचं येक पान हितं बी असूं दे,’ ती म्हणाली. ‘तिला तर खाता येत न्हाय. तुमी खावा.’ खीर, वडे, कढी, गवार, भोपळा. मी बटाटा खात नाही हे कळल्यावर तिनं भाजी वेगळी केली. प्रयोगशाळेत काही खायचं नसतं, म्हणून मी माझ्या खोलीत दार लावून, दिवस मावळायच्या आत, दुसऱ्याच्या आईच्या वाटणीचं जेवायची. मला ते आवडायचं. कुणाच्या तरी घरातलं आपण कुणीतरी आहोत असं त्या दिवशी वाटायचं.

कामही चाललं होतं. मावशींच्या पेशींवर माझे दोन शोधनिबंध छापून आले. अडकलेलं बटण सापडल्यासारखं वाटत होतं, एक प्रथिन, जे निरोगी पेशींत गप्प असतं आणि इथं सतत बोलत राहतं. तिसरा निबंध जरा मोठ्या ठिकाणी पाठवला. तिथल्या परीक्षकानं बाकी सगळं मान्य करून शेवटी एक ओळ लिहिली, पेशींची ओळख तपासून घ्यावी. हल्ली हे सगळ्यांनाच विचारतात. मला राग आला. मी त्या स्वतः त्या बाईच्या गालातून आलेल्या बघितल्यात, तुम्ही कोण विचारणारे, असं मनात म्हणाले. पण तपासणी म्हणजे अवघड काही नव्हतं. ऑपरेशनच्या वेळचा मावशींचा एक तुकडा दवाखान्यात मेणाच्या ठोकळ्यात जपलेला होता. त्याची एक चकती आणि माझ्या फ्लास्कमधल्या थोड्या पेशी, दोन्ही तपासायला बाहेरगावी पाठवल्या.

रिपोर्ट सकाळी आला. त्यात सुरुवातीलाच स्त्री की पुरुष ते लिहिलेलं असतं. मेणातल्या तुकड्यापुढे स्त्री होतं. माझ्या फ्लास्कपुढे पुरुष.

मी हसले. नमुने उलटसुलट झाले असणार. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पाठवले, या वेळी कुठल्या नळीत काय हे स्वतःच्या हातानं लिहून. तेच आलं. शिवाय त्यांनी जगभरच्या नोंदींशी ताडून कुणाच्या पेशी तेही सांगितलं. दूर देशातल्या एका पुरुषाच्या जिभेवरच्या कॅन्सरच्या पेशी, ज्या जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत तुलनेसाठी ठेवतात. माझ्याकडेही होत्या, त्याच पेटीत, वरच्या फळीवर.

आमच्या कामात हे होतं. आमच्याच कामात होतं म्हणा. एक थेंब, पिपेटच्या टोकाला राहिलेला, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जातो. त्या थेंबात दुसऱ्या कुणाच्या चार पेशी असतात. त्या जास्त भराभर वाढणाऱ्या असल्या, तर काही आठवड्यांत मूळ पेशींना जागाच उरत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, फरशी बसवल्यासारख्या. कुणाचा हात होता, माझा की एखाद्या विद्यार्थ्याचा, ते कळायला मार्ग नव्हता. मी गोठवून ठेवलेल्या जुन्या कुप्या काढल्या. डेअरीची माणसं म्हशींच्या रेतनासाठी जो द्रव नायट्रोजन वापरतात, त्यातच आमच्याही कुप्या ठेवलेल्या असतात. एकेक करून तपासल्या. अलीकडची पुरुष. त्याआधीची पुरुष. सगळ्यात जुनी शिल्लक होती ती मावशी अजून जिवंत असताना गोठवलेली. तीही पुरुष. त्याआधीच्या सगळ्या पहिल्या काही महिन्यांतच मी वापरून टाकल्या होत्या.

म्हणजे मावशींच्या पेशी मावशींच्याही आधी गेल्या होत्या. लेक पहिल्यांदा दारात आली, चप्पल काढून आत आली, तेव्हाही त्या तिथं नव्हत्या.

निबंध मी मागे घेतला. आधीचे दोन छापलेले होते, त्यांच्या संपादकांनाही कळवलं. आमचे प्रमुख म्हणाले, ‘एवढं जाहीर करायची गरज होती का? पुरुषाच्या पेशी म्हणून तेच निष्कर्ष चालले असते की.’ मी म्हटलं, चालले नसते, आणि खोलीचं दार लावून घेतलं. कामाच्या निमित्तानं ओळखीची झालेली पुष्कळ माणसं होती. एकीचा दर रविवारी फोन यायचा. तो येईनासा झाला. ती वाईट नाही. असं कुणाच्याही पेटीत निघू शकतं, म्हणून लोक अशा दारावरून जरा लांबून जातात. मीही इतरांच्या वेळी गेलेच असेन.

हातकणंगल्याला गेले तेव्हा भावाला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘म्हंजे इतकी वर्सं तू दुसऱ्याचंच पोर संभाळलंस की.’ आणि हसला. त्याला वाटलं, मीही हसेन. वहिनी म्हणाली, ‘असूं दे, पगार चालू हाय न्हवं?’ मी हो म्हटलं. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मी त्या दिवशी परत येताना एसटीत ठरवलं की आता हे कुणाला सांगायचं नाही.

त्या ‘कुणाला’मध्ये मावशींची लेकही आली. तिला न सांगता चाललं असतं. तिला काय कळणार होतं? ती येत राहिली असती, डोळा लावत राहिली असती, मला अक्का म्हणत राहिली असती. मला तेच हवं होतं. निबंध गेले त्याचं दुःख होतंच, पण खरी भीती होती ती ही बाई यायची बंद होईल याची. तिच्याशिवाय माझ्याकडे, माझ्यासाठी म्हणून, कुणी येत नव्हतं. आणि तीही माझ्यासाठी नव्हती येत, आईसाठी येत होती. आई नाही म्हटल्यावर कशाला येईल?

मी काही आठवडे गप्प बसले. मग तिचा फोन आला. थोरल्या पोरीला मुलगा झाला होता, बाळंतपणाला माहेरीच होती, सव्वा महिना झाला होता. ‘अक्का, पुढच्या आटवड्यात बाळ घिऊन येतो. आईला पतवंड दाखवायचं हाय.’

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. सव्वा महिन्याचं पोर कुणा परक्या माणसाच्या जिभेसमोर धरायचं आणि त्याला सांगायचं, ही तुझी पणजी. ते मला जमणार नव्हतं. इतकी वर्षं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं. आता माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गडमुडशिंगीला गेले. तिच्या घरी मी कधी गेलेच नव्हते. मारुतीच्या देवळापाशी विचारलं, एकानं ‘पावणं, त्यो काय पत्र्याचा गोटा, तितंच’ म्हणून दाखवलं. ती गोठ्यातच होती. मला बघून तिचं तोंड एवढं फुललं की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

‘अक्का, तुमी हिकडं कशा काय? मी येणारच हुतो की बाळाला घिऊन.’

‘त्याआधीच आले. बस जरा.’

घराच्या पुढच्या सोप्यात पाळणा होता, बाळ झोपलं होतं, पोर आत कुठंतरी होती. आम्ही दोघी खाली बसलो. मी किती तऱ्हांनी सुरुवात करायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

‘मी दाखवत होते ना, ते आईचं नाही.’

‘काय आईचं न्हाय?’

‘त्या पेशी. तपासणी केली. त्या दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. एका पुरुषाच्या, बाहेरच्या देशातल्या.’

‘बाप्याच्या?’ ती हसायलाच लागली. ‘आनि मी त्येला समदं सांगत बसलोतो?’

मीही हसायला बघितलं, पण माझ्याच्यानं होईना. तिनं ते बघितलं आणि ती थांबली.

‘कवापासनं?’

‘नक्की सांगता येत नाही. आई होत्या तेव्हाच कधीतरी. एक थेंब कुठून तरी पडला असणार. तू पहिल्यांदा आलीस त्याच्या आधीच.’

‘म्हंजे मी बगत हुतो ते कवाच आई नव्हती.’

‘नाही.’

तिनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. पाळण्याची दोरी ओढली, बाळ जागं नव्हतं तरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘म्हंजे आई गेली तवाच गेली.’

मी हो म्हटलं.

ती ‘म्हशीस्नी पाणी दाखवायचं हाय,’ म्हणून उठली आणि गोठ्यात गेली. मी वाट बघितली. ती आली नाही. आमच्या भागात चहा पाजल्याशिवाय वैऱ्यालाही दारातून जाऊ देत नाहीत. त्या दिवशी मला कुणी थांबवलं नाही. मी चपला घातल्या आणि वडापच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. भर दुपार होती, जीप भरायला वेळ लागला. सगळ्यांत मागे बसून मी त्या बाईचा विचार करत होते, जिला तिची आई दुसऱ्यांदा गेल्याचं मी सांगून आले होते आणि पहिल्यांदा आधार म्हणून जे दिलं होतं तेही काढून घेतलं होतं.

दोन्ही फळ्यांवरच्या फ्लास्कमध्ये ब्लीच घातलं. गुलाबी पाण्याचा रंग उडाला, ते बेसिनमध्ये सोडून दिलं. पेटी रिकामी झाली. नवे तुकडे घ्यायचे, नव्यानं सुरुवात करायची, हे सगळं होतं, पण माझी निवृत्ती आता फार लांब नव्हती आणि मन लागत नव्हतं. सकाळी पेटीपाशी गेले की तोंडात ‘मावशी’ यायचं. ज्या बाईला मी आयुष्यात मोजून एकदा भेटले, तिच्याशी मी इतकी वर्षं बोलत होते, आणि ते ऐकायला ती तिथं नव्हती. लेकीचं एक बरं होतं, तिला निदान आई होती. माझं काय गेलं हे मला कुणाला सांगताही येईना. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पेशींसाठी कुणी रडतं का?

रविवारी मी कितीतरी वर्षांनी कोल्हापुरातल्या माझ्या घरी होते. अन्न घालायला पेशीच नव्हत्या. सकाळचं सगळं आवरून झालं आणि आता संध्याकाळपर्यंत काय करायचं हे कळेना, तेवढ्यात दारात ती उभी. बरोबर तिची भावजय. संस्थेच्या वॉचमनला विचारून पत्ता काढला, म्हणाली. दोघींच्या डोक्यावर पदर होता. हातात पिशवी नाही, डबा नाही, बाळही नाही.

मी खुर्च्या पुढे केल्या. त्या खाली भिंतीला टेकून बसल्या. मग मीही खाली बसले.

‘चहा ठेवते,’ मी म्हटलं.

‘नगं. च्याला न्हाय आलो.’

मला वाटलं, तिला नीट समजून घ्यायचंय, त्या दिवशी राहून गेलं ते विचारायचंय. मी सांगायला लागले, थेंब कसा जातो, चार पेशींच्या कशा हजारो होतात, बघून ओळखता का येत नाही. तिनं मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, ‘ते न्हाय विचारत मी. भेटाय आलोय.’

‘मला?’

‘आई गेली तवा आमच्या दारात माणसं मावत नव्हती. लांबलांबनं आलते. येकाबी दिवशी चूल पेटवू दिली न्हाय मला.’ ती फरशीकडे बघत बोलत होती. ‘तिचं सगळं इतकी वर्सं तुमीच केलंसा. मग ती तिथं असूं दे, न्हायतर नसूं दे. तुमच्याकडं कोन आलं भेटाय?’

‘कुणी नाही,’ मी म्हटलं.

‘म्हनून आलो.’

मग मला रडू आलं. फार वर्षांनी, मोठ्यानं, लाज वाटावी इतकं. तिनं गप्प राहा म्हटलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. जवळ सरकून बसली, एवढंच. तिची भावजय उठली, न विचारता माझ्या स्वयंपाकघरात गेली, तांब्या शोधला आणि पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मग आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. खालून पोरांच्या क्रिकेटचा आवाज येत होता. मधेच ती भावजयीला म्हणाली, ‘आई मिश्री लावाय बसली की तासभर बसायची.’ भावजय ‘व्हय की’ म्हणाली. एवढंच काय ते बोलणं झालं.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तशा त्या उठल्या. दुखवट्याच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, आणि घरच्यानंही ‘या’ म्हणायचं नसतं. तिनं चप्पल घातली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता जिन्याकडे वळली. सवयीनं माझ्या तोंडात ‘ये हं’ आलं होतं. मी ते गिळलं, दाराला धरून उभी राहिले, आणि त्या दोघी जिना उतरून गेल्या.